वाफेच्या इंजिनाचा हिवाळा : जुन्या रेल्वेच्या वर्कशॉपमधील थंडीचे काम कसे करावे

अमेरिकेत ज्या जुन्या वाफेच्या गाड्या आजही प्रवाशांसाठी चालवल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांचा दुरुस्तीचा हंगाम थंडीत येतो. न्यू मेक्सिकोतील चामा येथून निघणारी कम्ब्रेस अँड टॉल्टेक ही ६४ मैलांची, तीन फुटी मार्गाची रेल्वे साधारण ऑक्टोबरअखेर थांबते, कारण त्यानंतर १०,०१५ फुटांवरची कम्ब्रेस खिंड बर्फाखाली जाते आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तेथे प्रवासी गाडी नेण्यात अर्थ नसतो. आपल्याकडे नेरळ-माथेरानची गाडी पावसाळ्यात घाटात थांबते, तसेच हे आहे. फक्त तेथे शत्रू दरड आणि पाण्याचा लोंढा असतो, येथे गोठणारे पाणी असते.

हे टिपण अमेरिकेत राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी अशा एखाद्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. मी स्वतः पेनसिल्व्हेनियातील एका लहान रेल्वेच्या शेडमध्ये पाच हिवाळे काम केले आहे. तेथे जे शिकलो त्यातील मुख्य गोष्ट आधीच सांगतो : हिवाळ्याचा पहिला अर्धा भाग उघडण्यात, पाहण्यात, मोजण्यात आणि लिहिण्यात घालवावा आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घालावा. ज्या शेडमध्ये नोव्हेंबरमध्येच रंगाचे डबे उघडले जातात, तेथे एप्रिलमध्ये बॉयलरमधला दोष सापडतो आणि हंगाम उशिरा सुरू होतो.

पाण्याचा शेवटचा थेंब

हंगामातील शेवटची फेरी संपल्यावर आग हळूहळू उतरू द्यावी आणि बॉयलर आपल्या गतीने थंड होऊ द्यावा. गरम बॉयलरमध्ये थंड पाणी सोडून काम लवकर उरकण्याचा मोह होतो, पण त्यामुळे बॉयलरमधून गरम वायू नेणाऱ्या नळ्यांची टोके सैल होतात आणि फायरबॉक्सच्या, म्हणजे आग जळते त्या पेटीच्या, पत्र्यांवर विनाकारण ताण येतो. बॉयलर हाताला सोसवेल इतका निवला की मगच तो रिकामा करावा.

कोळशावर चालणाऱ्या इंजिनाची राख त्याच आठवड्यात काढावी. कोळशाच्या राखेत आणि काजळीत गंधक असते; दमट हवेत त्याचे आम्ल बनते आणि ते जाळीच्या सळ्या, राखपेटी, स्मोकबॉक्सचा (धुराड्याखालच्या पेटीचा) तळ व नळ्यांची आतली बाजू संपूर्ण हिवाळाभर खात राहते. नळ्यांतून तारेचा ब्रश फिरवून काजळी काढावी, फायरबॉक्सचे कोपरे खरवडून घ्यावेत आणि शेवटी धुराड्यावर झाकण घालावे, म्हणजे वरून ओलावा येणार नाही.

यानंतरचे काम चिकाटीचे आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि बिडाचे ओतीव भाग हे प्रसरण सोसू शकत नाहीत. बॉयलर रिकामा करणे सोपे असते, पण पाणी लपून बसते ते बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरमध्ये, चेक व्हॉल्व्हच्या पोटात, हवेच्या पंपाच्या वाफेकडील बाजूस, लुब्रिकेटरमध्ये, दिव्याच्या टर्बो-जनरेटरमध्ये, दाबमापकाखालच्या वळलेल्या नळीत, शिट्टीच्या पाइपात, वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांच्या वळणांत आणि टेंडरच्या (इंजिनामागच्या पाणी-कोळशाच्या गाडीच्या) रबरी नळ्यांत. इंजिनाचा पाइपांचा आराखडा समोर ठेवून प्रत्येक सखल जागेला क्रमांक द्यावा, तेथील प्लग काढावा, वरच्या टोकाकडून दाबाची हवा सोडावी आणि खालून फक्त कोरडी हवा येऊ लागेपर्यंत ती बंद करू नये. हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडेच ठेवावेत. काढलेले प्लग त्याच क्रमांकाच्या पिशवीत घालून एका पेटीत ठेवावेत.

आमच्या शेडमध्ये एका हिवाळ्यात सगळे पाइप हवेने साफ केल्यावरही एका चेक व्हॉल्व्हच्या बैठकीखाली अर्धी वाटी पाणी राहून गेले होते. जानेवारीत त्याच्या अंगावर केसासारखी बारीक, दोन इंच लांबीची चीर दिसली. तो भाग बाजारात मिळत नसल्याने लाकडी नमुना बनवून नवा ओतून घ्यावा लागला आणि त्यात अकरा आठवडे गेले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक सखल जागेपुढे दोन सह्या घेतो, एक पाणी काढणाऱ्याची आणि दुसरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणाऱ्याची. कारण रात्रभरात पाइपांच्या भिंतींवरून ओघळलेले पाणी पुन्हा खाली जमलेले असते.

बॉयलर लगेच उघडायचा नसेल, तर तो पूर्ण कोरडा करून आत सिलिका जेलचे किंवा कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवावेत आणि झाकणे लावावीत. किती ट्रे आत ठेवले तो आकडा खडूने फायरबॉक्सच्या दाराजवळ आणि वहीत, अशा दोन्ही ठिकाणी लिहावा, म्हणजे वसंतात आतमध्ये एकही ट्रे विसरला जाणार नाही.

बॉयलर धुणे आणि पाहणे

धुण्यासाठी सर्व वॉशआउट प्लग (धुण्याच्या छिद्रांची आट्यांची बुचे) काढावेत. जे सहज निघतात तेवढेच काढून चालत नाही. सुरुवात क्राउन शीटपासून, म्हणजे फायरबॉक्सच्या छतापासून करावी आणि दाबाच्या पाण्याने गाळ खाली ढकलत फायरबॉक्सच्या तळाशी आतला-बाहेरचा पत्रा जोडणाऱ्या फाउंडेशन रिंगपर्यंत यावे. गाळ सर्वांत जास्त त्या रिंगच्या चार कोपऱ्यांत साचतो. तेथे वाकवलेली सळई घालून, आरसा व दिवा धरून, स्वच्छ धातू दिसेपर्यंत खरवडावे. निघालेल्या क्षाराच्या खपल्या फेकून देऊ नयेत. कोणत्या प्लगमधून किती जाडीची खपली निघाली हे लिहून ठेवल्यास गेल्या हंगामात पाण्यावरची रासायनिक प्रक्रिया बरोबर झाली की नाही, याचा त्याहून चांगला पुरावा मिळत नाही. प्रत्येक प्लग त्याच्याच छिद्रात परत गेला पाहिजे. त्याचे आटे निमुळते असतात आणि वर्षानुवर्षे त्या एका छिद्राशी जुळलेले असतात. आटे मेले असतील तर टॅप मारून नवा, थोडा मोठा प्लग बसवावा. आटे गेलेल्या प्लगला टेफलॉनची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे, त्याकडे येतो. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियातील गार्डनर्स गावाजवळ गेटिसबर्ग रेल्वेच्या १२७८ क्रमांकाच्या इंजिनाची क्राउन शीट पाणी कमी पडल्याने तापून खचली आणि इंजिनावरचे तिघे जण भाजले. चौकशीत असे आढळले की पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे जाणारा मार्ग क्षाराने तुंबलेला होता, देखभाल अपुरी होती आणि माणसांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते. ड्रायव्हर काचेकडे पाहूनच पाण्याचा अंदाज घेतो. तो मार्ग तुंबलेला असेल, तर काचेतली पातळी आणि बॉयलरमधली पातळी यांचा मेळ राहत नाही आणि हे त्याला कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नसतो.

म्हणून हिवाळ्यात गेज ग्लासचे, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या या काचेचे, वरचे व खालचे दोन्ही कॉक बॉयलरवरून उतरवावेत. त्यांची नुसती बाहेरून चमक आणू नये. कॉकच्या आतून आणि बॉयलरच्या पत्र्यातील छिद्रातून योग्य मापाची सळई आरपार जाते का ते पाहावे. एका माणसाने बाहेरून सळई सरकवावी आणि दुसऱ्याने आतील बाजूस प्लगच्या छिद्रातून दिवा धरून तिचे टोक प्रत्यक्ष पाहावे. ‘जाते आहे’ असे बाहेरच्याने म्हणणे पुरेसे नाही, ‘दिसले’ असे आतल्याने म्हटले पाहिजे. पाण्याची पातळी ताडून पाहण्याचे लहान कॉक असतील तर त्यांनाही हाच नियम लावावा. काच दरवर्षी नवी घालावी. ती स्वस्त असते.

स्टे बोल्ट, जाडी आणि दिवसांचा हिशोब

फायरबॉक्सचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना शेकडो स्टे बोल्ट एकमेकांशी धरून ठेवतात. त्यांची तपासणी हातोडीने होते. फायरबॉक्समध्ये बसून एकेका बोल्टच्या डोक्यावर हलका, सारख्या जोराचा ठोका द्यायचा. अखंड बोल्ट खणखणीत बोलतो, तुटलेला बद्द आवाज देतो आणि हातोडी उसळी घेत नाही. नवख्याला पहिल्या दिवशी सगळे आवाज एकसारखे वाटतात. अनुभवी माणसाशेजारी दोन-तीन दिवस बसून त्याच्याबरोबर ठोके मोजले की कान तयार होतो. शेडमध्ये या वेळी ग्राइंडर, कॉम्प्रेसर, रेडिओ सर्व बंद ठेवावे. अनेक बोल्टांच्या मध्यातून एक बारीक छिद्र पाडलेले असते. बोल्ट तुटला की त्यातून पाणी किंवा वाफ झिरपून खूण पटते. हे छिद्र गंजाने किंवा रंगाने बुजलेले असू नये, म्हणून ड्रिलने ते मोकळे करावे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार फायरबॉक्समध्ये एकमेकांपासून २४ इंचांच्या आत दोन तुटलेले बोल्ट असतील, तर इंजिन चालवता येत नाही. माझ्या मते बॉयलर उघडाच आहे तर एकही तुटलेला बोल्ट पुढच्या हंगामात नेऊ नये.

नियमांचा हिशोब नीट समजून घ्यावा, कारण हिवाळ्यात किती काम अंगावर येणार हे त्यावर ठरते. अमेरिकेत वाफेच्या इंजिनांची तपासणी फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या नियमावलीच्या २३०व्या भागानुसार होते आणि त्याची सध्याची रचना २००० सालापासून लागू आहे. त्यात ‘सेवादिवस’ मोजतात. ज्या दिवशी फायरबॉक्समध्ये आग आणि बॉयलरमध्ये वातावरणापेक्षा जास्त दाब असतो, तो प्रत्येक दिवस मोजला जातो, मग इंजिन शेडबाहेर पडो वा न पडो. ३१ सेवादिवसांनी, ९२ सेवादिवसांनी आणि ३६८ दिवसांच्या आत वर्षातून एकदा अशा चढत्या क्रमाने तपासण्या येतात आणि १,४७२ सेवादिवस किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा नळ्या काढून संपूर्ण बॉयलर आतून-बाहेरून तपासावा लागतो. १,४७२ला १५ने भागले तर वर्षाला ९८ दिवस येतात. त्यामुळे जे इंजिन वर्षात ९८ दिवसांपेक्षा कमी चालते त्याची पाळी पंधरा वर्षांनी येते आणि जे जास्त चालते त्याची त्याआधी येते. हा आकडा शेडच्या फळ्यावर लिहिलेला असावा, म्हणजे मोठी तपासणी अचानक अंगावर येत नाही आणि दोन इंजिनांची पाळी एकाच हिवाळ्यात पडत नाही.

मोठ्या तपासणीच्या वर्षी पत्र्यांवर साधारण एक फुटाच्या चौकटी खडूने आखून प्रत्येक चौकटीत अल्ट्रासोनिक उपकरणाने जाडी मोजतात. त्या आकड्यांवरून बॉयलरच्या प्रत्येक भागाचे गणित करून तो किमान चौपट सुरक्षित आहे हे दाखवावे लागते आणि ते गणित ‘फॉर्म ४’ म्हणून नोंदवले जाते. मधल्या वर्षांत एवढे मोजण्याची सक्ती नसली, तरी फाउंडेशन रिंगच्या वरची पट्टी, बॉयलरच्या पोटाचा तळ आणि पत्रा जेथे वळतो तो भाग, या तीन जागा दर हिवाळ्याला त्याच खुणांवर मोजाव्यात. एका वर्षाचा आकडा फारसे काही सांगत नाही. पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडले की पत्रा कोठे आणि किती वेगाने झिजतो आहे ते उघड दिसते.

चाके, रॉड आणि व्हाइट मेटल

चालत्या भागांची तपासणी इंजिन हलवण्याआधी, म्हणजे जोड उघडण्यापूर्वी करावी. फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घेऊन अ‍ॅक्सल बॉक्स आणि त्याच्या पाचरी यांतील फट, चाकांची आडवी हालचाल आणि रॉडच्या बुशांमधील ढिलाई मोजावी. एकदा रॉड उतरले की हे आकडे पुन्हा मिळत नाहीत. चाकांचा व्यास कमी-जास्त झिजला असेल तर एकाच इंजिनाची जोडलेली चाके एकमेकांशी भांडत राहतात, म्हणून चाकांवरची पोलादी कडी, म्हणजे टायर, लेथवर लावताना सगळ्या जोडलेल्या चाकांचे माप एकच ठेवावे लागते.

बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल (मऊ, कमी तापात वितळणारा मिश्रधातू) ओतण्याचे काम थंडीत विशेष काळजीने करावे. ज्या पितळी कवचात धातू ओतायचा ते आधी कथिलाने नीट माखावे आणि चांगले गरम करावे. कवच गार राहिले तर ओतलेला धातू वरवर चिकटल्यासारखा दिसतो आणि भार आल्यावर सुटतो. धातू पुरेसा तापला का हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे पाइनच्या लाकडाची काडी त्यात बुडवणे : काडी हलकी तपकिरी होऊन करपली तर धातू तयार, तिने पेट घेतला तर तो जास्त तापला. ओतताना हात थांबवू नये, एका दमात भरावे. थंड शेडमध्ये डावावर दव धरलेले असते आणि वितळलेल्या धातूत थेंबभर पाणी गेले तरी त्याची क्षणात वाफ होऊन धातू उडतो. म्हणून डाव, साचा आणि ढवळण्याची सळई, सर्व आधी ज्योतीवर कोरडे करावे आणि तोंडावर पूर्ण ढाल लावल्याशिवाय जवळ उभे राहू नये. निवल्यावर कवचावर टिचकी मारून आवाज ऐकावा. येथेही बद्द आवाज म्हणजे धातू धरलेला नाही आणि काम पुन्हा करायचे.

लाकडी डबे

डब्यांचे लाकूड खिडकीच्या खालच्या चौकटीत आणि दाराच्या उंबऱ्यात कुजते, कारण पाणी तेथे थांबते. टोचणीने टोचून कुजका भाग किती खोल आहे ते पाहावे, निरोगी लाकडापर्यंत कापावे आणि त्याच जातीच्या लाकडाचे, त्याच दिशेच्या रेषांचे ठिगळ बसवावे. लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला कुजका उंबरा दोन हंगामही टिकत नाही. तापवलेल्या शेडमधली हिवाळी हवा फार कोरडी असते आणि लाकूड आक्रसते, त्यामुळे जानेवारीत घट्ट बसवलेली खिडकी जुलैत फुगून अडकते. सरकत्या भागांत तेवढी फट आधीच सोडावी. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी आणि तो कोरडा घासू नये.

शेडमधील माणसांची काळजी

बॉयलरच्या आत किंवा फायरबॉक्समध्ये कोणी असेल तर दाराशी एक माणूस सतत उभा असला पाहिजे आणि त्याला दुसरे काम देऊ नये. आत हवा खेळती ठेवावी, आत जाण्यापूर्वी ती उपकरणाने तपासावी आणि गॅसवर किंवा डिझेलवर चालणारा, धूर बाहेर न नेणारा हीटर फायरबॉक्सच्या तोंडाशी कधीही लावू नये. जुन्या बॉयलरभोवतीच्या आवरणात अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. ते तपासून घेतल्याशिवाय हात लावू नये आणि ते निघाले तर काढण्याचे काम परवानाधारकांकडूनच करून घ्यावे.

कोलोरॅडोतील ड्युरँगो येथील राउंडहाऊस (इंजिने ठेवण्याची गोलाकार शेड) १० फेब्रुवारी १९८९ रोजी, ऐन हिवाळ्यात, आगीत जळाले. आतील इंजिनांची दुरुस्ती झाली, इमारतही पुन्हा उभी राहिली, पण हिवाळ्यात सगळी इंजिने एकाच छताखाली असतात ही गोष्ट तेव्हापासून या क्षेत्रातील कोणी विसरलेले नाही. वेल्डिंग किंवा कापण्याचे काम दुपारनंतर सुरू करू नये. काम संपल्यावर किमान एक तास कोणीतरी तेथे थांबून ठिणग्या पडल्या त्या जागा हाताने चाचपून पाहाव्यात आणि तेलाच्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून रोज बाहेर न्याव्यात.

पाण्याची चाचणी आणि पहिली आग

सर्व दुरुस्ती झाल्यावर बॉयलर पाण्याने भरून दाबाची चाचणी होते. हा दाब चालू दाबाच्या किमान २५ टक्के जास्त असावा लागतो. बाल्डविनने १९२५ साली बांधलेल्या ज्या के-३६ वर्गाच्या इंजिनांवर कम्ब्रेस अँड टॉल्टेक आजही अवलंबून आहे, त्यांचा चालू दाब दर चौरस इंचाला १९५ पौंड आहे. म्हणजे चाचणी सुमारे २४४ पौंडांवर होते. भरताना सर्वांत उंच जागेवरून हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यावी. पाणी दाबले जात नाही म्हणून फुटले तरी फारसे उडत नाही, पण आत अडकलेली हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी वागते. पाणी थंड वापरू नये, ते कोमट करून घ्यावे. जुने पोलाद गारठ्यात ठिसूळ होते आणि शिवाय थंड पत्र्यावर बाहेरून दव धरले की खरी गळती कोणती ते ओळखता येत नाही. या चाचणीसाठी सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी झाकणे बसवली असतील, तर त्या झाकणांना लाल पट्टी बांधावी आणि ती परत काढल्याची नोंद इंजिनाच्या केबिनमध्ये टांगावी. दाबमापक चाचणीआधी प्रमाणित उपकरणाशी ताडून घेतलेला असावा. चाचणीनंतर बॉयलर रिकामा करून तो पुन्हा आतून पाहावा.

पहिली आग मोठी करू नये. लाकडाच्या लहान आगीने सुरुवात करून बॉयलरला पूर्ण एक दिवस तापू द्यावे, कारण फायरबॉक्स आणि बाहेरचे कवच वेगवेगळ्या गतीने वाढतात. हा दिवस सेवादिवस म्हणून वहीत चढवावा. दाब चढताना दोन्ही इंजेक्टर चालवून पाहावेत, गेज ग्लासचे कॉक उघडझाप करून पाणी लगेच वर-खाली होते का ते पाहावे आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबावर आपोआप उघडून ठरलेल्या दाबावर बंद होतात का ते मापकाकडे पाहत लिहून घ्यावे. एखादा वॉशआउट प्लग झिरपत असेल तर त्याला पाना लावू नये. दाबाखाली आवळताना आटे सुटले तर समोर उभ्या माणसाला वाचायला जागा नसते. त्या जागी खडूने खूण करावी, आग उतरवावी, दाब शून्यावर येऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी बॉयलर थंड झाल्यावर तो प्लग काढून आटे पुसून पुन्हा बसवावा.